मदत हवी आहे: झडीनंतर मोटारसायकल चालूच होत नाही (१२५ सीसी, कार्बोरेटरवाली)

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. गाडी २०१४ ची, १२५ सीसी, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली. हे पुण्याला कंपनीत असतात, त्यामुळे दोन वर्षांपासून गाडी मीच चालवते. सकाळी साडेपाचला दोन कॅन बांधून सात किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर दूध नेते, येताना ढेप, सरकी, घरचा बाजार घेऊन येते. गाडी बंद म्हणजे आमचं अर्धं घर बंद.

आमच्याकडे मागच्या आठवड्यात सहा दिवस झड लागली होती. ज्यांनी विदर्भातली झड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, तो धो धो पाऊस नसतो. रात्रंदिवस बारीक बारीक पडत राहतो आणि दिवसातून एकदाही ऊन पडू देत नाही. नाल्याला पूर होता, रस्ता बंद होता, म्हणून गाडी सहाही दिवस अंगणात उभी होती. टिनाखाली नेहमी जागा असते, पण गाय व्यायलेली, वासराला कोरडी जागा द्यावी लागली.

सातव्या दिवशी पाऊस उघडला. चोक ओढून चौथ्या किकला गाडी चालू झाली. पाऊण किलोमीटर गेली असेल, मारुतीच्या देवळाजवळच्या चढावर फट्फट् करून बंद पडली. पेट्रोल कमी झालं असेल म्हणून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला लावला, दोन-तीन वेळा इंजिन घेतल्यासारखं झालं, आणि त्यानंतर आज तीन दिवस झाले, एकदाही चालू नाही होऊन राहिली. कॅन उतरवून, गाडी ढकलत घरी आणली.

आतापर्यंत केलं ते असं. बॅटरी चांगली आहे, हॉर्न खणखणीत वाजतो, सेल्फही जोरात फिरतो. प्लग नवीन टाकला, काही फरक नाही. एअर फिल्टर काढून पाहिला, थोडा ओलसर होता, वाळवून बसवला. टाकी हलवली की आत पेट्रोल वाजतं, दीड-दोन लिटर असावं.

बाजूच्या गावच्या मिस्तरींना आणलं. त्यांनी दोन किका मारल्या, कानाने ऐकलं आणि सांगितलं की कॉइल आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारे विजेचे भाग) दोन्ही गेले, ३,२०० रुपये लागतील. प्लगही खोलून पाहिला नाही. पैसे द्यायला माझी ना नाही, लागले तर देईन. पण न तपासता ३,२०० द्यायचे आणि मग दोष भलताच निघायचा, हे परवडणारं नाही. शेजारचे काका एक कॅन नेतात, दुसऱ्या कॅनच्या दुधाचं मी तीन दिवस दही आणि खवा करून राहिले. त्याला इथे गिऱ्हाईक किती असणार?

माझ्याकडे प्लगपाना, ८-१०-१२ नंबरचे पाने, पेचकस आणि पक्कड आहे. घरच्या घरी कोणत्या क्रमाने काय तपासू, कृपया सांगा.

नागपूरकर_१०

ताई, आधी हँडलवरचं लाल बटण बघा. कॅन बांधताना-उतरवताना हात लागून ते बंद होतं. काही गाड्यांत ते बंद असलं तरी सेल्फ फिरतो, त्यामुळे लक्षात येत नाही. मी स्वतः एकदा तासभर किका मारल्या आहेत.

पऱ्हाटी

बघितलं दादा, चालू आहे. दोन्ही बाजूंना करून पाहिलं.

धानपट्टा

आमच्याकडे साकोलीला बांधीत (धानाच्या शेतात) पाणी भरलं की उंदीर घराकडे येतात आणि गाडीच्या वायरी कुरतडतात. सीट काढा, टाकीखालच्या वायरिंगवर बॅटरी मारून बघा. लेंड्या दिसल्या किंवा वायरीतलं तांबं उघडं दिसलं तर तिथेच दोष. प्लगच्या टोपीची जाड वायरही मुळापर्यंत बघा.

जुना_मिस्तरी

ताई, एवढ्यात पैसे देऊ नका. मी वर्ध्याला २६ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी अशा आल्या की मला कॉइलपेक्षा पेट्रोलावर जास्त शंका येऊन राहिली. पण शंकेवर गाडी दुरुस्त होत नसते, आधी करंट बघून घ्या. तो बघायला दहा मिनिटं लागतात.

हे काम पेट्रोल उघडण्याच्या आधी करा, नंतर नाही. कॉक बंद करा. प्लग काढा, त्याला टोपी लावा आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून धरा. टोपीचं रबर धरायचं, लोखंडाला बोट लावायचं नाही. प्लगच्या भोकापासून दूर धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. प्लग हवेत धरून किक मारू नका, त्याने चांगला सीडीआय खराब होऊ शकतो. सावलीत उभं राहून कोणाला तरी किक मारायला सांगा. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल, सीडीआय दोन्ही जिवंत आहेत. पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर मग वायरी, टोपी, कॉइल असं मागे मागे जाऊ.

प्लग बाहेर आहे तोवर अजून एक करा. भोकावर अंगठा दाबून हळू किक मारा. हवा अंगठ्याला जोरात ढकलत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, ठीक आहे. आणि प्लगचं टोक कसं दिसतं ते लिहा: कोरडं, काळं, की ओलं.

पऱ्हाटी

केलं. मुलाला किक मारायला लावली. ठिणगी निळी पडते, आवाजही येतो. नव्या प्लगने पण आणि जुन्याने पण. अंगठा राहतच नाही, हवा ढकलून देते. वायरी सगळ्या पाहिल्या, कुरतडलेलं काही नाही.

प्लग ओला आहे. पण एक गोष्ट मला वेगळी वाटली. पेट्रोल कसं बोटावरून क्षणात उडून जातं, तसं ते उडून नाही राहिलं. प्लगच्या टोकावर बारीक थेंब तसाच टिकून होता.

जुना_मिस्तरी

बरोबर बघितलं तुम्ही. तो पाण्याचा थेंब आहे.

आता माझ्या दोन शंका सांगतो. एक, गाडी सहा दिवस उघड्यावर पावसात. दोन, कॉक ऑनवर असताना गाडी चालली आणि रिझर्व्हला लावल्यावर मेली. कॉकच्या आत दोन वाटा असतात. ऑनची नळी टाकीत उंच उभी असते, रिझर्व्हची वाट पार तळातून असते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं. तुमचं पेट्रोल चढावर खरंच रिझर्व्हवर आलं, तुम्ही कॉक फिरवला आणि तळाचं पाणी सरळ कार्बोरेटरमध्ये उतरलं. इंजिनने दोन-तीनदा घेतलं ते नळीत उरलेल्या पेट्रोलवर.

त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून जातं, कळतही नाही, पण मर्यादेपेक्षा जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि दोन्ही तळाला जाऊन बसतात. पूर्वी टाकीत चमचाभर पाणी असायचं, आता तेवढ्याच पाण्याने खालचा थर मोठा होतो.

खात्री करायला कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी जो ड्रेन स्क्रू आहे तो पेचकसने सैल करा. खाली काचेची बाटली धरा. मग कॉक रिझर्व्हला उघडून अर्धी बाटली भरू द्या. इंजिन थंड पाहिजे, जवळ चूल, दिवा, बिडी काही नको, आणि काम अंगणात उघड्यावर करा. बाटली दहा मिनिटं न हलवता ठेवा.

पऱ्हाटी

बाटली समोर ठेवूनच लिहून राहिले. खाली चार बोटं पाणचट, जरा गढूळ थर आहे. मधे सरळ रेघ, आणि वर पेट्रोल. बाटली वाकडी केली तर रेघ पण वाकडी होते, मिसळत नाही. सासूबाई पण बघून गेल्या, म्हणाल्या, "हे तं ताकावर लोणी दिसते तसं दिसून राह्यलं."

आता सांगा, हे एवढं पाणी शिरलं कुठून? झाकण तर कुलपाचं आहे, घट्ट लागतं. पंपावरूनच पाण्याचं पेट्रोल मिळालं असेल का?

जुना_मिस्तरी

पंपाचं नाव घेण्याआधी आपली टाकी बघू. तुमच्या गाडीचं झाकण टाकीच्या पाठीत खड्ड्यात बसवलेलं, सपाट आहे ना? त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं. ते बाहेर जायला कडेला एक बारीक भोक असतं, त्याला नळी असते, ती टाकीतून आरपार जाऊन इंजिनच्या खाली सुटते. झाकण उघडा, कडेचं भोक शोधा आणि त्यात तांब्याने थोडं पाणी सोडा. मुख्य तोंडावर कापडाचा बोळा लावून घ्या. खाली पाणी पडलं पाहिजे.

पऱ्हाटी

नाही पडलं! भोकात पाणी तसंच उभं राहिलं.

खालून नळी शोधली. तोंडाशी माती होती, मला वाटलं रस्त्याचा चिखल. सायकलच्या ब्रेकची जुनी तार आत घातली तर ती माती कडक लागली, भाजलेल्या मडक्यासारखी. टोचून टोचून काढली तेव्हा आतून एक रिकामा तपकिरी कोश निघाला. कुंभारीण माशीचं घर होतं! उन्हाळ्यात आमच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत, दाराच्या कडीच्या भोकात, सगळीकडे ती घरं करते, पण गाडीच्या नळीत करेल असं कधी मनात आलं नाही. आता वरून पाणी सोडलं की खाली धार लागते.

झाकणाचं रबर पण बघितलं. एका बाजूला चिरलेलं आहे, नखाने उचकटलं तर तुकडा हातात येतो. म्हणजे सहा दिवस खड्डा भरलेला, आणि त्या चिरेतून थेंब थेंब आत.

आता टाकीतलं वरचं पेट्रोल गाळून वापरता येईल का? वाया जाऊ द्यायला जीव होत नाही.

जुना_मिस्तरी

नका वापरू, ताई. वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याबरोबर खाली गेलं, वर राहिलं ते कमजोर आहे. फडक्याने गाळून पाणी वेगळं होईल, पण पेट्रोल पहिल्यासारखं होणार नाही. सगळं काढा. नालीत, विहिरीजवळ, शेतात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, तालुक्याला जाल तेव्हा एखाद्या गॅरेजला विचारून द्या.

टाकी काढून उलटी करून पूर्ण निथळू द्या, मग झाकण आणि कॉक उघडे ठेवून दिवसभर उन्हात वाळवा. कॉकच्या तळाला जाळीची छोटी वाटी असेल तर तीही धुऊन घ्या. कार्बोरेटरची वाटी उघडता आली तर पुसून कोरडी करा. त्यात दोन पितळी जेट दिसतील, एक मोठं, एक बारीक. त्यात तार, सुई, पिन काही घालायचं नाही, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या.

मग एक लिटर ताजं पेट्रोल टाका. पहिल्यांदा कॉक बंद, चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून दहा-बारा किका मारा, म्हणजे इंजिनमध्ये उरलेलं ओलं बाहेर जाईल. नंतर कोरडा प्लग लावून, कॉक उघडून आणि चोक ओढून चालू करा.

नागपूरकर_१०

हे वाचून मी माझ्या गाडीच्या झाकणात पाणी ओतून पाहिलं. माझीही नळी बंद निघाली, साध्या धुळीने. धन्यवाद मिस्तरीकाका.

पऱ्हाटी

झाली! सहाव्या किकला चालू झाली. मुलगा अंगणात नाचला आणि मला रडू आलं, खरंच सांगते. आज सकाळी दोन्ही कॅन वेळेवर पोचले. पूर्ण खर्च म्हणजे एक लिटर पेट्रोल, पंक्चरवाल्याचे २० रुपये आणि जो प्लग मी उगीच बदलला तो.

पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडत होती. बारीक जेटला पुन्हा एकदा हवा मारून घेतली, आता ठीक आहे. मिस्तरीकाका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. धानपट्टा भाऊ, नागपूरकर दादा, तुमचेही आभार.

एकच राहिलं. झाकणाचं रबर सुटं मिळतं का? दारव्ह्याला दोन दुकानांत विचारलं, अख्खं झाकणच घ्या म्हणतात. तोवर पाऊस आला तर काय करू?

जुना_मिस्तरी

उपकार कसले. तपासलं तुम्ही.

काही गाड्यांचं रबर सुटं मिळतं, काहींचं नाही. यवतमाळला स्पेअरच्या मोठ्या दुकानात झाकण हातात घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगू नका. साध्या ट्यूबचं रबर कापून लावू नका, पेट्रोलने ते फुगतं आणि मऊ पडतं. तोवर गाडी उभी असेल तेव्हा झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवा, पण निघताना आठवणीने काढा. झाकणाला हवा घ्यायचं बारीक भोक असतं, ते झाकलं गेलं तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि गाडी पुन्हा त्याच चढावर बंद पडेल.