कोडिंग स्टँडर्ड: गरज की नुसती डोकेदुखी?

ऐरोलीकर:
काल रात्री आठला बॅग उचलली आणि फोन, प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमवर, व्याजाचा आकडा चुकतोय. फाइल उघडली तर एकच फंक्शन, सहाशेच्या वर ओळी, व्हेरिएबलं टेंप, टेंप१, फ्लॅग, फ्लॅग२, आणि मधोमध कमेंट काय तर 'सरांना विचारल्याशिवाय काढू नये'. कुठले सर?? आता ऑफिसात कोणालाच माहीत नाही. फ्लॅग२ म्हणजे लीप वर्ष, भागायचं ३६५ ने की ३६६ ने, एवढं कळायला मला दोन तास लागले. 'लीपवर्षआहे' असं नाव ठेवायला काय पैसे पडत होते का? माझं म्हणणं सरळ आहे, कोडिंग स्टँडर्ड, म्हणजे कोड कसा लिहायचा याचे ठरवलेले नियम, न पाळणाऱ्याचा कोड मर्जच करू नये, मुख्य कोडमध्ये घेऊच नये.

जुना_सीप्झवाला:
भाऊ त्रास समजला, पण औषध चुकीचं आहे. आमच्याकडे स्टँडर्डची साठ पानी पीडीएफ होती. माझ्या एका पुल रिक्वेस्टवर, म्हणजे मर्ज करण्याआधी तपासायला पाठवलेल्या कोडवर, चाळीसेक कमेंट आल्या, सगळ्या स्पेस कुठे आणि कंस कुठल्या ओळीवर यावर. राउंडिंगची चूक मात्र कोणालाच दिसली नाही, ती क्लायंटने पकडली 😄 नियम आले की लोक डोकं बाजूला ठेवतात. आणि एका ओळीत ७९ च्या वर अक्षरं नकोत म्हणणारं ते पायथन भाषेचं नियमपत्रक, पेप ८, २००१ चं. ऐंशीचा आकडा तर त्याहून जुना, आयबीएमच्या १९२८ च्या पंच कार्डाला, म्हणजे भोकं पाडून माहिती भरायच्या कार्डाला, ऐंशी कॉलम होते. मोठाले मॉनिटर घेऊन आपण कार्डं पंच करतोय का? लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांनीसुद्धा २०२० मध्ये तपासणीच्या स्क्रिप्टमधली ओळीची मर्यादा १०० अक्षरं केली.

घाटकोपर_मेट्रो:
सीप्झवाले काका, तुमचं भांडण माणसांशी आहे, नियमांशी नाही. स्पेस मोजायला माणूस बसवताच कशाला? गो भाषेत गोएफएमटी हा फॉरमॅटर आहे, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल, सेव्ह केलं की फॉरमॅट, आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. आमच्या टीममध्ये मुलींनी हट्ट धरून फॉरमॅटर लावला आणि ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस हा वाद त्याच आठवड्यात मेला.

टॅबच_हवा:
मेला नाही, जिवंत आहे.

ऐरोलीकर:
@जुना_सीप्झवाला २०१४ चं ॲपलच्या कोडमधलं 'गोटू फेल' प्रकरण विसरलात का? इफ या अटीखालच्या ओळींना कंस नाहीत, 'गोटू फेल' (इथून थेट शेवटी उडी मार) ही ओळ चुकून दोनदा, दुसरी अट न बघता कायम चालणार, आणि पुढची डिजिटल सहीची तपासणी होतच नव्हती. आयफोनचं सुरक्षित कनेक्शन अशाने गंडलं. कंस सक्तीचे असते तर?

जुना_सीप्झवाला:
अरे ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! दुसरी ओळ पहिलीच्या बरोब्बर खाली, व्यवस्थित इंडेंट केलेली, म्हणजे तेवढीच आत सरकवलेली होती. दिसायला नीटनेटकी म्हणूनच नजर घसरली. दिसणं आणि कळणं वेगळं, तेच तर बोंबलून सांगतोय.

घाटकोपर_मेट्रो:
काका, पण फॉरमॅटर चालवला असता तर तीच ओळ डावीकडे सरकली असती आणि लगेच खटकली असती. सी भाषेचा कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या जीसीसी कंपायलरने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत नेमकी फसव्या इंडेंटची वॉर्निंग आणली. म्हणजे तुम्ही दोघंही अर्धे बरोबर 🙂 पण फ्लॅग२ चं काय? ते कुठलाच फॉरमॅटर बदलणार नाही. नाव ठेवणं आणि 'का' लिहिणं माणसालाच करावं लागतं, रिव्ह्यूत वेळ तिथे घालवा ना.

जुना_सीप्झवाला:
हे मान्य. फक्त एक, डेडलाइन उद्याची असताना नाव सुचत नाही, मग टेंपच होतं. मीही लिहिलेत, खोटं कशाला बोलू. ऐरोलीकर, तू काल रात्री जे फिक्स टाकलंस त्यात नावं बदललीस का?

ऐरोलीकर:
...फ्लॅग३ टाकलाय. दहा वाजून गेले होते, दिव्याची लोकल पकडायची होती. सोमवारी बदलतो.

टॅबच_हवा:
😂😂😂 आणि सरांची कमेंट?

ऐरोलीकर:
तशीच आहे. मी कोण काढणारा.