मदत हवी आहे: मुलगी प्रिव्हेंटर पंप घेताना मास्क लावू देत नाही

मुलगी तीन वर्षांची आहे. डॉक्टरांनी दम्यासाठी ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा प्रिव्हेंटर (त्रास होऊ नये म्हणून रोज घ्यायचा) पंप सकाळ-संध्याकाळ, मास्कच्या स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) द्यायला सांगितलाय. पंप हलवायचा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा, एक पफ मारून पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, मग दुसरा. हे सगळं नीट समजलंय. पण मास्क जवळ आला की ती मान फिरवते, हुंदके देत रडते. रडताना औषध फुप्फुसात फार कमी पोहोचतं, बरंचसं तोंडात-घशातच राहतं, म्हणून जबरदस्ती करायची नाहीये. तुमच्या मुलांना सवय कशी लागली? झोपेत देऊन कुणाला जमलंय का? माझी तर ती मास्क लागताच जागी होते.

दुसरं, चूळ भरून थुंकणं तिला अजून जमत नाही. तोंडात बुरशी येऊ नये म्हणून पाणी पाजते आणि मास्कखालचा चेहरा पुसते. आणखी काही करता?

घरचे म्हणतात, खोकला नाही तर स्टिरॉइड कशाला, उंची खुंटेल. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, साधारण एखादा सेंटीमीटर, हे मी वाचलंय. पण श्वासनलिकेची सूज आटोक्यात राहते ती रोजच्या डोसमुळेच, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता बंद करणार नाही. तिची उंची नियमित मोजून घेतेय. अडलंय ते मास्कपाशी. ज्यांनी यातून वाट काढली असेल त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.