कडकनाथ कोंबडीची गळ्याखालची पिशवी रिकामी होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, गच्चीवर झाबुआहून आणलेल्या कडकनाथ कोंबड्या आहेत. त्यातली एक परवापासून पिसं फुलवून कोपऱ्यात बसून असते. रात्रीचं खाल्लेलं सकाळपर्यंत खाली उतरायला हवं, पण हिची पिशवी सकाळीही फुगलेली, हाताला पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागते आणि चोचीला आंबूस वास येतो. शी पातळ, हिरवट. नाक वाहत नाही, बाकीच्या ठणठणीत. तरी हिला वेगळ्या खोक्यात ठेवलंय. दाणे बंद, फक्त पाणी.

उलटी धरून पिशवी रिकामी करा, असा सल्ला कृपया नको. ते पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी जागीच जाऊ शकते. सासूबाई ताकात हिंग घालून पाजायला सांगताहेत (त्यांच्याकडे सगळ्यावर हिंगच असतो!).

आंबूस वासावरून पिशवीत बुरशी झाली असावी असं वाटतंय. त्यासाठी निस्टॅटिन (बुरशीवरचं औषध) कुणी दिलंय का, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे किती सांगितलं होतं? आमच्या भागातले डॉक्टर फक्त कुत्री-मांजरं बघतात. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी कोंबडी नेली आहे का? किती वाजता गेलेलं बरं? आणि औषध थांबवल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत?