कोरियन जाळीचे दरवाजे एसी ऑफिसात वाकतायत. काय चुकतंय?

नानापेठकर | ११ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. सुतारकाम आमच्या घरात तीन पिढ्यांचं, त्यामुळे असं चारचौघांत विचारायला लाज वाटते. पण अडले आहे.

काम खराडीतलं. एका कोरियन कंपनीचं ऑफिस, सहावा मजला, पश्चिमेला अख्खी काच. मीटिंग रूमला त्यांना त्यांच्याकडच्या जुन्या घरासारखं, म्हणजे हानोकसारखं लाकूडकाम हवंय. चार सरकते दरवाजे, प्रत्येकी ९०० बाय २१०० मिमी, मध्ये लाकडी जाळी आणि जाळीवर कागद. शिवाय कोपऱ्यात ३ मीटर बाय २.४ मीटरचा लाकडी ओटा, त्यावर मांडी घालून चहा प्यायचा. अट एकच, दिसेल तिथे खिळा-स्क्रू नको.

नमुन्यादाखल दोन दरवाजे जुलैत आमच्या धायरीच्या शेडमध्ये केले. साहेबांना फिकट रंग हवा म्हणून पाइन घेतलं. जाळीच्या काड्या १२ मिमीच्या, एकमेकींत अर्धी-अर्धी खाच पाडून बसवलेल्या. चौकटीला चूल आणि भोक, म्हणजे एका पट्टीचं निमुळतं टोक दुसरीच्या भोकात (चूल हा आमच्या राजस्थानी मिस्त्रींचा शब्द, बाबा कुसू म्हणायचे). शेडमध्ये सांधे असे बसले होते की व्हिजिटिंग कार्ड आत जाईना. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले, तेच नडलं बहुतेक.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. जाऊन बघते तर चौकटीच्या सांध्यांत नख जाईल एवढ्या फटी. एक दरवाजा धनुष्यासारखा वाकलाय आणि रुळात अडकतोय. कागद दोन कोपऱ्यांतून तिरका फाटलाय. हा कागद त्यांनीच कोरियाहून मागवून दिला, त्याला हांजी म्हणतात. (मी मिस्त्रींना म्हटलं, "हा हांजी." ते म्हणाले, "जी, पर इसका नाम क्या है?") आम्ही तो फेव्हिकॉलनं चिकटवला होता.

आणखी एक गंमत. जाळीची नक्षी स्वस्तिकांची साखळी असते तशी आहे. ड्रॉइंगमध्ये स्वस्तिकाचे हात आपल्या उलट्या दिशेला वळलेले होते. मिस्त्रींनी मला न विचारता ते 'सुलटे' करून टाकले. अशुभ नको म्हणे.

कोरियन साहेब भला माणूस आहे, रागावला नाही. दरवाजासमोर बराच वेळ उभा राहिला आणि एवढंच म्हणाला की काहीतरी वेगळं वाटतंय. ते काय, हे त्यालाही सांगता येईना.

लाकूड बदलू का? सांध्यांत इपॉक्सी भरू का? ओट्याचं काम अजून सुरू केलेलं नाही, तेव्हा त्याबद्दलही सांगा.

---

पटाशी | ११ ऑगस्ट

ताई, इपॉक्सीचा डबा आधी लांब ठेवा.

मी ३८ वर्षं हे काम केलं, त्यातली निम्मी वाड्यांच्या दुरुस्तीत. तुमचे सांधे चुकलेले नाहीत, महिना चुकलाय. जुलैत पुण्याची हवा ८० टक्के दमट धरा. उघड्या शेडमध्ये लाकूड १५-१६ टक्के ओलाव्यावर जाऊन बसतं. एसीची हवा ४०-४५ टक्के, तिथं तेच लाकूड ८ च्या आसपास येणार. म्हणजे तुम्ही फुगलेल्या लाकडाला माप लावलं आणि ते वाळल्यावर तक्रार करताय. ७० मिमी रुंदीची पाइनची पट्टी एवढ्या फरकात सव्वा मिमीपर्यंत आकसू शकते, ओंडका कसा चिरलाय त्यावर कमीजास्त. साग त्याहून कमी आकसतो. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलतच नाही, म्हणून फट सांध्यात दिसते.

वाकण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. पश्चिमेची काच. एका अंगावर दुपारचं ऊन, दुसऱ्या अंगावर एसीचा झोत. एक बाजू आधी वाळली की पट्टी त्या बाजूला ओढली जाणारच.

आता करायचं काय ते सांगतो. ओलावा मोजायचा मीटर घ्या. घराण्याचा अंदाज पुरे, मीटर कशाला, असं मीही ३० वर्षं म्हणत होतो. भट्टीत सुकवलेलं लाकूड आणा आणि थेट ऑफिसात नेऊन ठेवा, फळ्यांमध्ये काड्या घालून, सगळीकडून हवा लागेल असं. तीन आठवडे हात लावू नका. रोज एकाच फळीवर मीटर टेका, आकडा आठवडाभर हलला नाही की मग कापा. आणि विचारून घ्या, शनिवार-रविवार एसी बंद असतो का? असला तर लाकूड दर आठवड्याला श्वास घेणार आणि सोडणार. तेवढी जागा रुळात ठेवावी लागेल.

साग मी सुचवणार नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जुन्या वाड्यांच्या तुळया मिळतात, त्यातला साग इतका मुरलेला असतो की हलायचं विसरलाय. पण रंग काळपट, तुमच्या साहेबाला चालणार नाही. हेमलॉक बघा. फिकट, रेषा सरळ, गाठी कमी. बारीक काड्यांना सरळ रेषेचंच लाकूड हवं, गाठ आली की १२ मिमीची काडी तिथंच मान टाकते.

खाचा कशा पाडल्या? एकेक काडी घेऊन पाडल्या असतील तर वेळही गेला आणि मापही. सगळ्या काड्या शेजारी-शेजारी शिकंज्यात आवळायच्या, गुण्यानं (काटकोनी पट्टीनं) एकच रेघ मारायची आणि सगळ्यांना एकदम खाच घ्यायची. मग चूक झाली तरी सगळ्यांत सारखी होते, आणि सारखी चूक जाळीत दिसत नाही.

---

सुवॉनचा_पाहुणा | १२ ऑगस्ट

मी सुतार नाही, कंपनीच्या कामानं चार वर्षं सुवॉनला होतो. राहायला जुन्या घरातली मागची खोली होती. घरमालकीण आजी सत्तरीच्या पुढच्या, दर वर्षी थंडीच्या आधी सगळ्या दारांचा कागद बदलायच्या आणि त्यात मला जुंपायच्या. त्यामुळे एवढ्या एका विषयात मी तज्ज्ञ आहे.

साहेबाला काय खटकलं ते सांगतो. तुम्ही टाकलेल्या फोटोत कागद बाहेरच्या बाजूनं लावलाय. ती जपानी पद्धत. कोरियात कागद खोलीच्या आतून लावतात. त्यामुळे बाहेरून जाळीचं लाकूड उठून दिसतं आणि आत बसलेल्याला दिवसा कागदावर नुसती तिची सावली दिसते. तुमच्या आर्किटेक्टनं बहुधा जपानी फोटो समोर ठेवून ड्रॉइंग केलं. हे इतकं मुरलेलं असतं त्यांच्यात की नेमकं सांगता येत नाही, पण चुकलं की कळतं. आपल्याला कुणी नऊवारी उलट्या बाजूनं नेसलेली दाखवली तर जसं होईल तसं.

नक्षीचं नाव वानजासाल. डावीकडे वळलेलं स्वस्तिक हे बौद्ध चिन्ह आहे, तिकडच्या नकाशांवर देवळाची खूण तीच असते. मिस्त्रींना सांगा, अशुभ काही नाही, उलटंच करा. हात थकले असतील तर त्यांना ती नक्षी सोडून त्तिसाल सुचवा. उभ्या काड्या भरपूर, आडव्या फक्त वर, मध्ये आणि खाली अशा तीन पट्ट्यांत. साध्या घरांत तीच जास्त दिसते आणि मला तीच जास्त आवडते.

आता कागद. फेव्हिकॉल नाही हो! हा कागद बदलण्यासाठीच असतो. आजी गव्हाच्या पिठाची पातळ खळ करायच्या. पिठातलं सत्त्व काढून, गाळून, ताकाहून थोडी दाट. खळ काड्यांना लावायची, कागदावर फवाऱ्यानं हलकं पाणी मारायचं आणि ओलसर असतानाच तो बसवायचा. त्या वेळी तो लोंबतो, बघून धीर सुटतो. ओढायचा नाही. सावलीत वाळू द्यायचा, रात्रभरात आपोआप ताणला जातो. तुम्ही तो कोरडाच ओढून चिकटवला असणार, म्हणून एसीत आणखी आकसला आणि कोपऱ्यातून फाटला. बदलायच्या वेळी पाण्याचा हात फिरवला की जुना कागद सालीसारखा निघतो. फेव्हिकॉलचा निघणार नाही, तो दरवाजा गेलाच समजा.

ओट्याबद्दल. त्यांच्याकडे त्या जमिनीला उमुलमारू म्हणतात, उमुल म्हणजे विहीर, कारण वरून बघितलं तर विहिरीसाठीच्या चिनी अक्षरासारखी चौकट दिसते. लांब तुळयांना दोन्ही अंगांना खोबण असते आणि आखूड फळ्या त्या खोबणीत एका टोकानं सरकवत न्यायच्या. फळीला ना खिळा ना डिंक. फळ्या वाळून फटी पडल्या की सगळ्या एका बाजूला ठोकत न्यायच्या आणि शेवटी उरलेल्या जागेत एक नवी पट्टी सरकवायची.

---

पटाशी | १२ ऑगस्ट

वा, ही ओट्याची युक्ती पटली. आपल्या वाड्यांतल्या कडीपाटाच्या छतातही पाट कड्यांवर नुसते टेकलेले बघितलेत मी, हलायचं तर हला. ताई, फळी ३०० मिमी रुंद घेतलीत तर ओलाव्याच्या त्याच फरकात ती चार-पाच मिमी जागा खाणार किंवा सोडणार. तिला वरून स्क्रू मारला असता तर उभी तडकली असती. खोबणीत मोकळी ठेवा. १५० च्या फळ्या घेतल्यात तर आणखी बरं.

---

एनओसी_आणलं_का | १३ ऑगस्ट

सगळे कलेत रमलेत, छान. सहावा मजला, कमर्शियल इमारत, खोलीत कागदाची दारं. फायरवाल्यांना विचारलं का? दारांवर आडवी पट्टी किंवा वर जाळीचं छत टाकणार असाल तर स्प्रिंकलरच्या पाण्याला आड येतंय का ते आधी बघा. बाहेर पडायच्या मार्गावर हे सरकते दरवाजे चालणार नाहीत, तिथं नेहमीचं दार वेगळं हवं. हे नंतर कळलं की सगळं उखडावं लागतं. आमच्या इमारतीत एका नामांकित डिझायनरचं उखडलंय, म्हणून सांगतो.

आणि "एकही खिळा नाही" हे जरा जपून म्हणा. हानोकच्या छपरात वासे लोखंडी खिळ्यांनीच ठोकलेले असतात, दारांना बिजागऱ्या लोखंडाच्या. सांधे बिनखिळ्याचे, हे खरं. अख्खं घर बिनखिळ्याचं, हे पर्यटकांना सांगायचं.

---

नानापेठकर | १४ ऑगस्ट

सगळ्यांचे आभार. एनओसीवाले दादा, टोमणा पोचला. मार्गावरचं दार वेगळं आहे, स्प्रिंकलर उद्या बघते.

पाहुणे, एक शंका. आमच्याकडे अप्पा बळवंत चौकातले बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. मी घालू का? आणि हांजी संपला तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद चालेल का?

---

सुवॉनचा_पाहुणा | १४ ऑगस्ट

मोरचूद नको. निळसर विषारी वस्तू, पांढऱ्या कागदाला डाग पडेल आणि दार हाताशी असतं. खळ ताजी करा, उरली तर फेकून द्या.

हातकागद संस्था १९४० पासूनची, तिथला कागद मला फार आवडतो, पण तो सुती चिंध्यांचा. लिहायला, चित्राला उत्तम. हांजी डाक नावाच्या झाडाच्या सालीचा असतो, म्हणजे तुतीच्या कुळातलं झाड. सालीचे तंतू लांब, म्हणून कागद पातळ असूनही चिवट, आणि उजेड आरपार येतो. सुती कागदाची खोली अंधारी होईल. साहेबाकडून दोन गुंडाळ्या जास्तीच्या मागवून ठेवा.

---

नानापेठकर | ५ ऑक्टोबर

उशिरा लिहिते आहे, पण काम उरकलं.

हेमलॉक आणलं. पहिल्या दिवशी मीटरवर १४. तीन आठवडे मीटिंग रूममध्येच थप्पी लावून ठेवलं, लोक त्याच्या शेजारी बसून मीटिंगा घेत होते. ९ वर येऊन आकडा थांबला. मिस्त्री रोज स्वतः मीटर टेकवायला जायचे आणि मला रात्री फक्त आकडा पाठवायचे, ना नमस्कार ना काही. पश्चिमेच्या काचेला साहेबांनी आतून पडदा लावून घेतला. एसी शनिवार-रविवार बंद असतोच, म्हणून रुळात वर ५ मिमी मोकळे ठेवले.

नक्षी वानजाच ठेवली, उलटी. मिस्त्री आधी कुरकुरले, मग देवळाच्या नकाशाची गोष्ट सांगितल्यावर म्हणाले, "फिर ठीक है, भगवान का ही है." काड्या एकदम आवळून खाचा घेतल्या. पटाशी काका, चूक झालीच, एका ओळीत अर्धा मिमी. दिसत नाही!

ओट्याच्या फळ्या १४० च्या. शेवटची फळी आत घालताना खोबणीत बसेना, मोगरीचे (लाकडी हातोड्याचे) चार ठोके जास्त पडले आणि सगळा ओटा एकदम 'कुईं' करून गप्प झाला.

कागद मी स्वतः लावला. संध्याकाळी तो इतका ढिला लोंबत होता की मी घरी येऊन जेवले नाही. सकाळी साडेआठला जाऊन बोटानं टिचकी मारली तर डफासारखा वाजला. साहेब आले, त्यांनीही टिचकी मारली. मग वाकून खालच्या एका चौकोनात बघायला लागले. तिथं कागदाच्या दोन थरांमध्ये एक पान होतं. मला माहीतच नव्हतं. मिस्त्रींनी दसऱ्याच्या दिवशी आपट्याचं पान आत सरकवून दिलं होतं, मुठीच्या जवळ. साहेब एकदम बोलायलाच लागले, त्यांच्या आजीकडे दाराच्या कडीपाशी असंच पान लावायचे म्हणून. मिस्त्रींना त्यातलं काही कळत नव्हतं, ते नुसते "हां जी, हां जी" करत होते.

पण पान ओलं होतं. आता त्याच्याभोवती पिवळसर कडा दिसायला लागली आहे. पाहुणे, डाग पसरेल का? तेवढा एक चौकोन बदलू का?

---

सुवॉनचा_पाहुणा | ५ ऑक्टोबर

आजी पानं आधी पुस्तकात दाबून वाळवायच्या. ओलं लावलं तर कडा येतेच, फार पसरत नाही. बदलू नका. साहेबाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.