सहापदरी रस्ता करूनही मुख्य चौकातील कोंडी का सुटत नाही? (सिटीज: स्कायलाइन्स)

बर्डीकर (प्रश्न)
नमस्कार. शहर उभारण्याच्या ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या संगणक खेळाच्या २०१५ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीत मी नागपूरच्या धर्तीवर शहर उभारत आहे. वाहतूक डावीकडून ठेवली आहे. मध्यभागी सीताबर्डीसारखी बाजारपेठ, दक्षिणेकडे वर्धा रोडसारखा सरळ मोठा रस्ता आणि त्याच्या टोकाला बुटीबोरीच्या जागी कारखाने आहेत. लोकसंख्या वाढली तशी मधल्या चौकात रांग लागू लागली, म्हणून चारपदरी रस्ते सहापदरी केले, तर रांग आणखी लांबली. डावीकडची मार्गिका गच्च भरलेली असते, शेजारच्या दोन मात्र रिकाम्या राहतात आणि अग्निशमन दलाची गाडीही त्याच रांगेत अडकते. मॉड (इतर खेळाडूंनी बनवलेली जोड) न वापरता यावर उपाय आहे काय? उड्डाणपूल बांधावा काय?

नकाशावेडा
एकच मार्गिका भरते, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. या खेळात वाहन निघतानाच आपला मार्ग ठरवते; तो ठरवताना अंतर आणि वेगमर्यादा पाहिली जाते, वाटेतील कोंडी पाहिली जात नाही. पुढे ज्या बाजूला वळायचे त्या बाजूची मार्गिका वाहन बरेच आधी धरते, त्यामुळे सर्वांना डावीकडे वळायचे असेल तर उरलेल्या मार्गिका कितीही वाढवल्या तरी रिकाम्याच राहतात. शिवाय सहापदरी रस्त्याची वेगमर्यादा अधिक असल्याने पूर्वी दुसरीकडून जाणारी वाहनेही आता आपल्या चौकाकडे ओढली गेली असणार.

चौकालगतच्या रस्त्यावर क्लिक करून मार्गांचे दृश्य उघडावे. तेथून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा पूर्ण मार्ग रंगीत रेषेने दिसतो आणि ट्रक, खासगी गाड्या, बस यांचे रंग वेगवेगळे असतात. बाजारपेठेत काम नसलेली वाहने किती आहेत, हे पाहिल्याशिवाय काहीही बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अजनी_पूल
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र चौकांमधील अंतरही पाहावे. मोठ्या रस्त्याला प्रत्येक गल्ली थेट जोडली की जागोजागी सिग्नल लागतात आणि एका सिग्नलची रांग मागच्या चौकात शिरते. गल्ल्या आधी मध्यम रस्त्याला जोडाव्यात आणि तो रस्ता मोजक्याच ठिकाणी मुख्य रस्त्याला मिळू द्यावा. नको असलेले सिग्नल बंद करण्याची सोय २०१७ पासून मूळ खेळातच आहे.

उड्डाणपुलाविषयी बोलायचे तर नागपूरच्या खऱ्या वर्धा रोडवर एकाच खांबांवर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे. सरळ पुढे जाणाऱ्यांना खालच्या चौकांत थांबावे लागत नाही, हा त्याचा खरा लाभ आहे. आपली वाहने चौकात वळणारीच असतील, तर पुलाचा उपयोग होणार नाही.

बर्डीकर
दोघांचेही मनापासून आभार. दृश्य उघडून पाहिले. बहुतांश रेषा ट्रकच्या आहेत आणि त्या कारखान्यांपासून बाजारपेठेतून उत्तरेच्या मालवाहू रेल्वे स्थानकाकडे जातात. बाहेरून रिंग रोड काढला तर तो लांबचा पडेल. ट्रक तो मार्ग घेतील काय?

नकाशावेडा
वेळ वाचत असेल तर निश्चित घेतील. महामार्गाची वेगमर्यादा १०० आणि सहापदरी रस्त्याची ६० आहे, म्हणजे रिंग रोड दीडपट लांब असला तरी त्यावरून कमी वेळ लागतो. मात्र तो महामार्गाच्याच प्रकारचा असावा आणि त्यावर एकही सिग्नल नसावा. बाजारपेठेतील रस्ता पुन्हा चारपदरी केल्यास फरक आणखी वाढेल. त्याहून चांगले म्हणजे दुसरे मालवाहू स्थानक कारखान्यांशेजारीच बांधावे आणि त्याला महामार्गाची स्वतंत्र जोडणी द्यावी. स्थानकाच्या दारातच ट्रकची गर्दी होते, त्यामुळे तेथील रस्ता एकेरी ठेवून आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी करावी.