वस्तीजवळ खडीची खाण येतेय, हरकतीच्या अर्जात नेमकं काय लिहायचं?

पायवाट:
आमच्या वस्तीमागच्या माळावर खडीची खाण प्रस्तावित आहे. आमची शेवटची घरं आणि त्या माळात एक ओढा, बास, एवढंच अंतर. कंपनीचा माणूस येऊन गोड बोलून गेला. सुरुंग नाहीत, नुसतं खोदायचं, चाळायचं, धुवायचं आणि भरून पाठवायचं, म्हणे. वर्षाला 3 लाख टन.

बैठकीत निम्मे लोक ओरडत होते आणि उरलेले त्यांचं शूटिंग करत होते. त्यातून एक अर्ज तयार झालाय: "सदर खाणीमुळे निसर्गाचा ऱ्हास होणार असून आमचा तीव्र विरोध आहे." खाली भरपूर सह्या. मला तो वाचून काही उमेद वाटली नाही, पण त्याजागी काय लिहावं तेही सुचत नाही.

इथे जवळजवळ प्रत्येक घराची विहीर आहे. कंपनीच्या अहवालात पाण्याबद्दल एकच वाक्य सापडलं, "भूजलावरील परिणाम नगण्य राहील". नगण्य म्हणजे किती? कोणी अशा प्रकरणातून गेलं असेल तर सांगा. हरकतीची मुदत फार लांब नाही.

तिखटजाळ:
अर्जबिर्ज सोडा. सगळं आधीच ठरलेलं असतं. रस्त्यावर बसा, तेवढंच कळतं त्यांना.

टेपवाला:
रस्त्यावर बसायला माझी ना नाही, पण बसून उठल्यावर फाईलमध्ये काय राहतं ते बघा. मी नोकरीभर खाणींची मोजणी केली, तीही कंपन्यांच्या बाजूने. हरकतींचा गठ्ठा यायचा तेव्हा "तीव्र विरोध" वाले कागद एका ढिगात जायचे आणि सगळ्यांना मिळून एक ठरावीक उत्तर. वेगळे काढले जायचे ते प्रश्न विचारणारे, कारण त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर द्यायचं तर आकडा द्यावा लागतो.

पायवाटताई, तुमचा खरा मुद्दा पाण्याचा आहे, तिथेच जोर लावा. खडीचा थर म्हणजे नुसता बांधकामाचा माल नव्हे, पाणी त्याच थरात साठतं आणि त्यातूनच वाहतं. तुमच्या विहिरींना पाणी देणारा थर आणि कंपनीला हवा असलेला थर बहुधा एकच आहे.

अहवालातून दोन आकडे शोधा: खाणीच्या तळाची शेवटची पातळी आणि भूजलाची वर्षातली सर्वांत वरची पातळी. दोन्ही एकाच संदर्भापासून मोजलेले हवेत, समुद्रसपाटी धरलेली उत्तम. भूजल कोणत्या महिन्यात मोजलं तेही पाहा. ऐन उन्हाळ्यात एकदाच भोक पाडून मोजलं की पाणी खोल दिसतं आणि खाण कोरडी राहील असं कागदावर सिद्ध होतं. ही चलाखी फार जुनी आहे.

तळ पाण्याच्या खाली गेला तर पुढे दोन शक्यता. पंप लावून खड्डा कोरडा ठेवला, तर ती खाण म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या विहिरींहून कितीतरी मोठी विहीरच झाली आणि भोवतालचं पाणी तिच्याकडे ओढलं जाणार. पंप न लावता पाण्यातूनच खडी काढली, तर मागे तळं उरतं. जमिनीतल्या पाण्याला उतार असतो, तळ्यात तो सपाट होतो. म्हणून पाणी ज्या बाजूने येतं तिकडच्या विहिरी खाली जातात आणि ज्या बाजूला जातं तिकडे पातळी चढते, कधीकधी जमीन दलदलीची होईपर्यंत. शिवाय वरून मुरणारं पाणी गाळणारा थर गेलेला असतो. यंत्रातलं डिझेल सांडलं तर मध्ये काही उरत नाही. तुमची वस्ती यातल्या कोणत्या बाजूला आहे, हा अर्जातला पहिला प्रश्न.

बाकी डंपर. 3 लाख टन भागिले कामाचे 250 दिवस म्हणजे दिवसाला 1,200 टन. 20 टनी डंपर धरले तर 60, येऊन-जाऊन 120 फेऱ्या. 10 तास काम धरलं तर दर 5 मिनिटांनी एक. हे गणित अर्जात असंच मांडा. "वाहतूक वाढेल" असं लिहू नका.

मिक्सर:
मी बांधकामातला माणूस, शिव्या बसतील तरी बोलतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2022 च्या अहवालात जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला सुमारे 50 अब्ज टन दिलाय. विरोध करणारे सगळे काँक्रीटच्याच घरात राहतात. माल वजनदार आणि स्वस्त, लांबून आणला तर वाहतूकच मालाहून महाग पडते. मग खाण कुठे काढायची? प्रत्येक जण म्हणतो, इथे नको.

टेपवाला:
मिक्सरभाऊ, बरोबर आहे. म्हणूनच "दुसरीकडे न्या" हे वाक्य अर्जात नको, त्याचं उत्तर कंपनीकडे तयार असतं. पण खडी लागते म्हणून ती याच माळावरून, पाण्याच्या पातळीखालून आणि याच रस्त्याने काढली पाहिजे, असं काही त्यातून निघत नाही.

पायवाट:
दोन्ही आकडे सापडले, वेगवेगळ्या परिशिष्टांत. भूजल खरंच एकदाच मोजलंय, तेही उन्हाळ्यात! आता धुळीचं विचारते. शेजारच्या आजोबांना दमा आहे आणि कोणीतरी गटात टाकलंय की खाणीच्या धुळीने सगळ्यांना कॅन्सर होतो. हे लिहू का?

टेपवाला:
"सगळ्यांना कॅन्सर" अजिबात नको. भर सुनावणीत ते तेवढंच वाक्य उचलतील, खोडतील आणि तुमचा पाण्याचा मुद्दाही त्याच्याबरोबर वाहून जाईल.

खरं आहे ते एवढं: श्वासातून फुप्फुसात खोल जाणारी स्फटिकी सिलिका माणसात कॅन्सर घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्येच पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत, नोंदवलं. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, तर त्याआधीपासून माहीत आहे. पण हा पुरावा प्रामुख्याने कामगारांचा आहे, वर्षानुवर्षं धुळीत उभं राहणाऱ्यांचा. तेव्हा असं विचारा: या खडीत क्वार्ट्झ, म्हणजे हीच स्फटिकी सिलिका, किती? मोठे गोटे फोडायला क्रशर बसणार का? (तो माणूस चाळणं-धुणं बोलला, फोडणं बोलला नाही, हे माझ्या लक्षात आलंय.) सुरुंग नाहीत हेही लेखी मागा.

डोळ्यांना दिसणारी धूळ जड असते, बरीचशी जवळपासच बसते. दम्याच्या माणसाला छळते ती 10 मायक्रॉनच्या आतली. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मार्गदर्शक पातळी तिच्यासाठी घनमीटरला 24 तासांची सरासरी 45 मायक्रोग्रॅम आणि वर्षाची 15 आहे. अहवालातला अंदाज याच्याशी ताडून बघा आणि तो कच्च्या रस्त्यावरचे डंपर धरून केलाय का ते विचारा. बहुतेक धूळ तिथूनच उठते आणि अंदाजातून नेमकी तीच गळते.

आणि एक काम आजपासून करा, मंजुरीची वाट न बघता. विहिरींची पातळी लिहायला लागा. काठावर रंगाची खूण करा, दर वेळी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडा. सकाळी, पंप रात्रभर बंद असताना. तारीख, आकडा, टेपचा फोटो. आठवड्यातून एकदा पुरे. खाणीपासून खूप लांबची एक विहीरही घ्या, ती सगळ्यांत महत्त्वाची. उद्या पाणी गेलं की कंपनी म्हणणार पाऊस कमी झाला. तेव्हा लांबची विहीर भरलेली आणि तुमची कोरडी, हे दाखवता आलं पाहिजे. खाण सुरू झाल्यावर ही वही सुरू करून उपयोग नाही. आधीचं पाणी कोणी मागे जाऊन मोजू शकत नाही.

तिखटजाळ:
आणि एवढं करून मंजुरी मिळालीच तर?

टेपवाला:
म्हणून अर्जाचे दोन भाग करा. पहिल्यात विरोध, कारणांसकट. दुसऱ्यात, "तरीही परवानगी दिल्यास" म्हणून अटी: तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीच्या निदान एक मीटर वर, डंपरच्या वेळा, विहिरींची मोजणी कंपनीच्या खर्चाने पण तिसऱ्याच माणसाकडून, खड्डा भरण्याची रक्कम आधी जमा. काहींना ही शरणागती वाटते. मी टेबलाच्या त्या बाजूला असताना आम्ही विरोधापेक्षा या दुसऱ्या भागालाच जास्त घाबरायचो.

पायवाट:
रंगाच्या खुणा झाल्या. एका घराने नकार दिला, माळ त्यांच्याच भावकीचा आहे. आणि नेमकी त्यांचीच विहीर खाणीला सगळ्यांत जवळ.

टेपवाला:
त्यांच्याशी भांडू नका, उद्या पाणी त्यांचंच आधी जाणार आहे. त्यांच्या अलीकडची विहीर धरा आणि ओढ्यात एक खांब रोवून तिथली पातळीही लिहा. ओढा कोणाच्या भावकीचा नाही.