मुलाने विमानावर लेझर मारला, सोसायटीत पोलीस येऊन गेले. आता काय करू?

घाटकोपर पश्चिमेला राहतो. उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात, चाकं बाहेर काढलेली दिसतात. फोनवर बोलताना "थांब, विमान जाऊ दे" म्हणायची घरात सगळ्यांनाच सवय.

परवा रात्री दोन हवालदार आले. गच्चीची किल्ली कुणाकडे असते, लिफ्टच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, असं वॉचमन आणि सेक्रेटरींना विचारत होते. वैमानिकाने खालून हिरवा लेझर आल्याचं एटीसीला (विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाला) कळवलं, तिथून पोलीस कंट्रोलला निरोप गेला. आजूबाजूच्या सोसायट्यांतही चौकशी चालू आहे.

सेक्रेटरींचा ग्रुपवर मेसेज आला आणि आमचे चिरंजीव (वय 13) जेवलेच नाहीत. खोदून विचारल्यावर दप्तराच्या आतल्या कप्प्यातून पेन काढून दिलं. गणपतीत रस्त्यावरून घेतलेलं, 200 रुपयांना. "बाबा, एवढ्या वर थोडीच पोचतो तो?" खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. पॅसेजच्या टोकाला भिंतीवर मारून पाहिला, वाटाण्याएवढा ठिपका!

बायको म्हणते, खाडीत टाकून मोकळे व्हा. मला वाटतं आपणहून ठाण्यात जावं. एफआयआर होईल का? मुलाला आत ठेवतील का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

जुना टॉवरवाला: एटीसीतून निवृत्त झालोय, म्हणून लिहितो. तुमचा वाटाणा किलोमीटरभर अंतरावर मीटरभर रुंद होतो. काचेवरचे बारीक ओरखडे, धूळ, सगळं उजळतं आणि समोरची अख्खी काच हिरवी होते. रात्री उतरताना कॉकपिटमधले दिवे मंद केलेले असतात, डोळे अंधाराला सरावलेले. नेमकं तेव्हा धावपट्टीचे दिवे दिसेनासे होतात. त्यात हिरवा रंग डोळ्याला तेवढ्याच ताकदीच्या लालपेक्षा कितीतरी जास्त लागतो. अमेरिकेत 2023 या एका वर्षात अशा 13 हजारांवर तक्रारी आल्या, तिथे याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मुलाला रागवा, पण हे समजावून सांगा. पोचतो तो.

वकीलीणबाई: पेन अजिबात टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचं लफडं तुमच्या गळ्यात पडेल, मुलाच्या नाही. 18 खालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. किमान 7 वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल किंवा सोबत मोठं माणूस असेल तरच एफआयआर, एरवी डायरीत नोंद करून माहिती बाल न्याय मंडळाकडे जाते. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, त्यालाच भेटा. त्याने साध्या कपड्यात, आईवडिलांसमोर बोलायचं असतं. विमानतळाजवळ लेझरला मनाई करणारा आदेश चालू असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागू शकतं. पण कलमं ठाण्यात ठरतात, इथे नाही. वकील घेऊनच जा.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. पेन सेल काढून पाकिटात ठेवलंय, उद्या सकाळी वकिलांबरोबर जातोय. पण आत्ता चिरंजीव सांगतायत की बी विंगमधला मित्रही गच्चीवर होता, आणि विमानावर पहिला त्याने मारला. त्याच्या वडिलांना आज रात्रीच सांगू, की थेट ठाण्यात?